काका काट्यावर चढले

काकांच्या घरात सात वजनकाटे होते आणि त्यांपैकी एकावरही काका स्वतः कधी उभे राहिले नव्हते.

मी बँकेत नवीन लागले तेव्हा पहिली नेमणूक उज्जैनला मिळाली. मी सांगलीची. उज्जैनमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत एवढं ऐकून होते, पण घरमालकच मराठी मिळेल असं वाटलं नव्हतं. फ्रीगंजमध्ये बाजारापासून दोन गल्ल्या आत, वरच्या मजल्यावर एक खोली आणि गच्ची. खाली काका आणि काकू. काका नापतौल खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. दुकानदारांचे काटे आणि मापं तपासत फिरायचं, ही त्यांची नोकरी. नोकरी संपली होती, फिरणं संपलं नव्हतं.

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला गाव, गोत्र, लग्न यांतलं काही विचारलं नाही.

"दूध कोणाकडून घेशील?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, अजून ठरवलं नाही.

"मग ठरवू पण नको. आमचा दूधवाला येतो, त्याचं माप मी पाहिलेलं आहे. बाकी सगळ्यांच्या मापाला आतून पोचा आहे."

एवढ्यावर माझी खोली पक्की झाली. बाकीचं सगळं काकूंनी सांगितलं.

काका उंचीला बेताचे, पण घराचं फाटक दोन झडपांचं होतं आणि एक झडप उघडली की मी जात असे, दोन्ही उघडल्या की काका. अंगात कायम भैरवगढच्या छापाचा सुती कुर्ता. तो छापणारा कारागीर त्यांच्या ओळखीचा होता. तो म्हणायचा, "साहब के कुर्ते में मेरा डिज़ाइन पूरा आता है, दूसरों के में कट जाता है." हे काका स्वतःच सगळ्यांना सांगत आणि सांगताना इतके हसत की कुर्त्यावरची छापील फुलंही हलायला लागत.

त्यांची मराठी ऐकताना सुरुवातीला माझी धांदल उडायची. "मी नहाऊन येतो, तोपर्यंत तू बसून रहा." "चाय ठंडी होऊन राहिली आहे." मी एकदा 'न्याहारी' म्हटलं तर काकूंनी मला थांबवून तो शब्द परत म्हणायला लावला, आणि मग शेजारणीला बोलावून तिलाही ऐकवला.

काकांच्या तोंडी एक वाक्य सतत असायचं, "माप पूर्ण झालं पाहिजे." ते कशालाही लागायचं. झोप कमी झाली की, "आज माप पूर्ण नाही झालं." पाहुणे चहा घेऊन लगेच उठले तर, "हे काय, बसण्याचं माप पूर्ण नाही केलं तुम्ही." काकूंनी मला सांगितलं होतं की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर नवरदेव पहिल्यांदा काय बोलले तर, "हार हलका दिलाय माळ्याने."

सकाळी साडेसातला काका स्कूटरवर देवास गेटला जात. बसस्टँडजवळ एक पोहेवाला होता. पोह्यांवर शेव, जिरावणाचा मसाला, वर बारीक कांदा, आणि शेजारी गरम जिलबी. काकांना बघून त्याचा हात आपोआप सैल सुटे, कारण पूर्वी याच काकांनी त्याचा काटा जप्त केला होता. "तेव्हा शंभर ग्रॅमला नव्वद देत होता," काका अभिमानाने सांगत, "आता मला शंभरला दीडशे देतो. सुधारला बिचारा!" दोन प्लेट पोहे, पाव किलो जिलबी, मग वाटेत एक कचोरी, आणि घरी आल्यावर काकूंसोबत पुन्हा नाश्ता, कारण ती एकटी कशी खाईल.

काकू अगदी बारीक. त्यांना कंपवात होता. हात थरथरायचे, पावलं छोटी छोटी पडायची आणि कधीकधी चालता चालता पाय जागीच थिजायचे. मग त्या स्वतःलाच हुकूम द्यायच्या, "चल गं, सिग्नल मिळाला," आणि पाऊल उचलायच्या. या दोघांचं सगळं चेष्टेवारी चालायचं. मला वाटायचं, या घरात गंभीर असं काही घडतच नसावं.

मग एके दुपारी मी बँकेतून मध्येच घरी आले. डबा विसरला होता. खालून जाताना काकांच्या स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. साधंसुधं नव्हे, दोघांचं दम लागेपर्यंतचं हसणं. मागचं दार उघडं होतं. डोकावले तर काका आणि काकू दोघंही फरशीवर बसलेले, ओट्याला पाठ टेकून, मध्ये लवंगी शेवेचा डबा.

"ये बेटा, ये. बस. शेव खा," काका म्हणाले.

"काय झालं? खाली का बसलात?"

"ही पडली. हिला उठवायला मी बसलो. आता मला उठवायला कोण बसणार, याचा विचार करून राहिलो आम्ही."

काकूंनी डोळे पुसले. "पाऊण तास झाला गं. फोन झोपाळ्यावर. हाका मारल्या, पण शेजारी मिक्सर चाललाय. मग म्हटलं, खालच्या फळीवर हात पोचतो, शेव तरी खाऊ."

काकूंना मी एका हाताने उभं केलं. त्यांना लागलं नव्हतं. काकांना उठवणं मला एकटीला शक्यच नव्हतं. शेजारचे दोघं आले, रस्त्यावरचा भाजीवाला गाडी सोडून आला, आणि आम्ही चौघांनी एक चादर त्यांच्या पाठीमागून काखेत घालून ओढायला सुरुवात केली. काका वर येता येता सूचना देत होते, "बॅलन्स, बॅलन्स! उजवं पारडं खाली चाललं!" भाजीवाल्याला हसू आवरेना, त्याची पकड सुटली आणि काका पुन्हा खाली. दुसऱ्या खेपेला उठले.

सगळे गेल्यावर मी चहा केला. काकू आत जाऊन पडल्या. काकांनी चहाला हात लावला नाही. गुडघ्यांवर तळहात ठेवून बसून राहिले.

"आज हसली ती," ते हळूच म्हणाले. "उद्या हाड मोडलं तर? तेव्हा पण मी शेजारी बसून शेवच खाणार का?"

मी काकांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

आठवड्याभरात आम्ही तिघं इंदूरला गेलो. हाडांच्या डॉक्टरांनी काकांचे गुडघे हलवून पाहिले, फोटो पाहिले आणि म्हणाले की ऑपरेशनचा विचार करता येईल, पण आधी पंचवीस किलो वजन उतरवून या. मग त्यांनी आहाराच्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम तिशीच्या, शांत. त्यांनी दोन रस्ते सांगितले. पहिला, घरचंच जेवण मोजून, हळूहळू, वर्ष-दीड वर्ष. दुसरा झटपट. जेवण बंद. दिवसाला चार पाकिटं पाण्यात घुसळून प्यायची, जोडीला थोड्या शिजवलेल्या भाज्या आणि भरपूर पाणी. बारा आठवडे. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, काका घेतात त्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या डॉक्टर बदलून देतील.

"हे सगळ्यांना जमत नाही," मॅडम म्हणाल्या. "सोडल्यावर पुन्हा पहिल्यासारखं खाल्लंत तर वजन परत येतं. पंधरा दिवस घ्या, विचार करा. नाही म्हणालात तरी चालेल. या, वजन घेऊ."

काकांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहिलं. खाली वाकता येत नव्हतं म्हणून मला वाकायला लावलं. "बेटा, बघ, याच्यावर मोहर आहे का खात्याची? तपासणीची तारीख?"

मोहर नव्हती.

"मॅडम, माफ करा. मी याच्यावर नाही चढू शकत. उसूल आहे."

पंधरा दिवस विचार करायला मिळाले, त्यातला एकही दिवस शांततेत गेला नाही. मॅडमनी नमुन्याची दहा पाकिटं दिली होती. व्हॅनिला, चॉकलेट आणि आंबा. काकांनी त्यांचा चक्क पंचनामा करायचं ठरवलं. साक्षीदार म्हणून मी आणि दूधवाला. जेवणाच्या टेबलावर सोनाराचा काटा ठेवला, त्याच्याभोवती वाऱ्याची झुळूक नको म्हणून पंखा बंद केला, आणि एकेक पाकीट फोडून आतली पावडर मोजली. पाकिटावर लिहिलं होतं, चाळीस ग्रॅम.

पहिलं भरलं चाळीस. दुसरं चाळीस. तिसरं चाळीस. काका कपाळावरचा घाम पुसत होते. सातव्यापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती. दहावं पाकीट चाळीस पूर्णांक एक दशांश भरलं.

"जास्तच दिलंय," दूधवाला म्हणाला.

काका खुर्चीत मागे रेलले. "बेटा, अख्खी नोकरी यातच गेली माझी. बिस्किटं पाहिली, साबण पाहिला, चायपत्ती पाहिली. दहाच्या दहा बरोबर, असं कधी नाही झालं. आणि झालं ते आजच! एक पाकीट जरी कमी निघालं असतं ना, मी सांगून टाकलं असतं, बेइमान आहेत, नाही पीत. फसून गेलो यार मी."

मग चव. आंब्याचं पाकीट घुसळून आम्ही सगळ्यांनी घोटघोट घेतलं. दूधवाल्याने विचारलं, हे पितात की भिंतीला लावतात. काकूंनी दोन घोट घेतले, तोंड वाकडं न करता म्हणाल्या, "वाईट नाही. तापातल्या औषधासारखं आहे." काकांनी ग्लास संपवला आणि उलटा करून पाहिला. "यात आंबा कुठे होता?" एवढंच विचारलं.

नंतर त्यांनी माणसं शोधायला सुरुवात केली. ज्यांनी हे केलंय अशी माणसं. त्यांच्या खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने असलीच पाकिटं पिऊन वीस किलो उतरवले होते. काका मला घेऊन त्याच्या घरी गेले. दार उघडलं तेव्हा त्याला पाहूनच उत्तर मिळालं. तो काकांपेक्षा जाड होता.

"उतरलं होतं, सच्ची में," तो म्हणाला. "फोटो पण आहे. फिर शादियों का सीज़न आ गया." आणि त्याने आमच्यासमोर मोठ्या बशीत समोसे ठेवले. काकांनी तीन खाल्ले, पण मन लागत नव्हतं.

परत येताना स्कूटर फाटकापाशी थांबवून ते म्हणाले, "करू तर परत येईल. नाही करू तर जाणारच नाही. हळू करू तर वर्ष लागेल, आणि वर्षात ही किती वेळा पडेल? तू सांग."

मी म्हटलं, तुमचा निर्णय. ते रागावले. "बँकवाले लोक सगळे असेच. फॉर्म देतात, भरून नाही देत."

तेराव्या दिवशी ते करायचं म्हणाले, संध्याकाळपर्यंत नाही करायचं म्हणाले. चौदाव्या दिवशी सकाळी देवास गेटला जाऊन आले आणि म्हणाले, "पोहेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मत करो साहब." मला हसू फुटलं. काका मात्र हे मत गांभीर्याने धरून बसले होते.

काकू झोपाळ्यावर वाटाणे सोलत होत्या. थरथरत्या हातांनी एकेक शेंग सोलायला त्यांना फार वेळ लागे, पण त्या कुणाला मदत करू देत नसत. शेंग खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "मला विचारलंत का?"

"तुला काय विचारायचं? तू तर म्हणशील, करा."

"मी नाही म्हणणार. मला बारीक नवरा नकोच आहे. इतकी वर्षं झाली, सवय झालीय मला. बारीक झालात तर गर्दीत सापडायचे नाहीत." त्यांनी दाणे वाटीत टाकले, दोन बाहेर पडले. "मला फक्त उठता येणारा नवरा पाहिजे. ते पाकिटाने होत असेल तर पाकीट, भाकरीने होत असेल तर भाकरी. पण आता ठरवा. पंधरा दिवस झाले, घरात कुणी नीट जेवलेलं नाही."

काका तिथेच उभे राहिले. मग खाली पडलेल्या दोन दाण्यांकडे त्यांनी बघितलं, वाकायचा प्रयत्न केला, नाही जमलं. खिशातून फोन काढला आणि मॅडमना सांगितलं, "उद्यापासून. पण पहिलं वजन मी माझ्या काट्यावर करीन."

त्यांचा काटा म्हणजे घरच्या सातांतला नव्हे, त्यांतला एकही त्यांना पेलणारा नव्हता; देवास गेटजवळच्या एका धान्याच्या आडत्याचा. पोती तोलायचा, लोखंडी पाटाचा. या आडत्यावरही काकांनी एकेकाळी कारवाई केली होती. आम्ही पोचलो आणि कशासाठी आलोय ते कळलं तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा मी दिवाळीतही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

"आज मेरी बारी है, साहब!" तो ओरडला, आणि शेजारची चार दुकानं जमा झाली.

काकांनी आधी काटा तपासला. वीस-वीस किलोची सात लोखंडी मापं एकापाठोपाठ चढवायला लावली. आकडा बरोबर एकशे चाळीसवर आला. मापं उतरली. मग काकांनी चपला काढल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काट्यावर चढले.

आकडे पळाले, थांबले. एकशे एकतीस किलो चारशे ग्रॅम.

आडत्याने आकडा पाहिला, काकांकडे पाहिलं, आणि अतिशय अदबीने, पोत्याचं वजन वजा करतात त्या सुरात विचारलं, "साहब, बारदाना काट दूँ?"

अख्खं दुकान हसलं. काका सगळ्यात जास्त हसले, इतके की काट्यावरचा आकडा पुन्हा पळायला लागला. "काट," ते म्हणाले, "कुर्ता-पायजामा आठशे ग्रॅम लिही!"

पुढचे बारा आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चविष्ट आठवडे होते. काकांनी देवास गेटला जाणं सोडलं नाही. सकाळी पाण्याच्या बाटलीत पाकीट घुसळून ते मला सोबत नेत, मला प्लेटभर पोहे घेऊन देत आणि समोर बसून आपली बाटली पीत.

"हळू खा. आधी शेव नरम होऊ दे. आता जिलबीचा तुकडा. नाही, तो नाही, कडेचा. हां. कसा लागतो?"

"चांगला."

"चांगला म्हणजे? नीट सांग. सांगण्याचं माप पूर्ण कर."

मी बँकेत पोहोचेपर्यंत वर्णन करून थकलेली असे. बारा आठवड्यांत काकांचं एकोणीस किलो उतरलं आणि माझं सहा चढलं. आईने व्हिडिओ कॉलवर पाहून विचारलं, "घरमालक फारच खायला घालतात वाटतं?" मी म्हटलं, हो, त्यांचं स्वतःचं डाएट चालू आहे.

सगळं हसण्यावारीच गेलं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चक्कर आली, डॉक्टरांनी साखरेची गोळी कमी केली. पाचव्या आठवड्यात घराजवळ भंडारा होता. काकांनी दारात उभं राहून मॅडमना फोन लावला, "मॅडम, प्रसाद हा जेवणात धरायचा का?" मॅडम जरा थांबून म्हणाल्या, "एक चमचा." काका घरातून चमचा घेऊन गेले. नुकतीच्या, म्हणजे गोड बुंदीच्या, कढईसमोर तो चमचा धरून उभे राहिले, वाढणाऱ्याने ढीग लावला, आणि आमच्या काकांनी बोटाने तो ढीग सपाट करून वरची नुकती परत कढईत टाकली. परत येताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

फिजिओवाल्या मुलीने त्यांना खुर्चीला धरून उठबस शिकवली होती. रोज सकाळी खालून आकडे ऐकू येत. काका मोजत, काकू चूक काढत, "सात झाले, आठ नाही."

पंचवीस काही झालं नाही. पण डॉक्टरांनी गुडघे पाहिले आणि म्हणाले, दुखणं इतकं कमी असेल तर ऑपरेशन आत्ता नको, असंच चालू ठेवा. मॅडमनी हळूहळू जेवण सुरू करून दिलं. एक पोळी, वरण, भाजी, दही. पहिली पोळी काकांनी चाळीस मिनिटं खाल्ली.

मग माझी बदली झाली, नाशिकला. तिथून मी दर रविवारी फोन करायची. काका लपवाछपवी करणारे नव्हते. "चार किलो परत आलं बेटा," एकदा सांगितलं. "मॅडम बोलली, घाबरू नका. मी घाबरलो नाही, फक्त कचोरीवाल्याची गल्ली बदलली."

आणि एका रविवारी त्यांनी फोन उचलला तेव्हा आवाजच वेगळा होता.

"काल ही पडली."

"लागलं का?"

"नाही गं. गादीजवळच पडली. मी गेलो, खुर्ची धरून खाली बसलो, हिला धरलं आणि उठलो. एकटा! कोणी नव्हतं घरात. सरळ उठलो!"

मागून काकूंचा आवाज आला, "द्या इकडे तो फोन." मग खरखर झाली आणि काकू बोलायला लागल्या. "अगं, उठले ते ठीक. पण मला खाली ठेवायलाच तयार नाहीत. तशीच उचलून ओसरीवर घेऊन आले, तिथून अंगणात. मी म्हणतेय, ठेवा, गुडघे जातील, लोक बघतायत. तर हे फाटकापाशी जाऊन उभे, मला हातात घेऊन, आणि समोरच्यांना हाका मारतायत, या, बघा! दोन्ही झडपा उघडून! मी साडी सावरू की यांना मारू?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय," काकू म्हणाल्या, आणि त्यांना पुढचं हसण्यामुळे बोलताच येईना.